गावात म्हणजे कुठं?

रविवारी सकाळी परड्यात फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या आणि शिंगट्यांची नात गावात घर बांधणार ही बातमी उरल्यासुरल्या कुंडललाही कळली. ज्यांना सांगायचं राहिलं होतं त्यांना आबांनी रस्त्यात अडवून सांगितलं. आबा म्हणजे सुभेदार ज्योतिबा शिंगटे. पलटणीतून येऊन जमाना झाला तरी निमंत्रणाची रीत हुकमाचीच. "धाला नारळ हाय. या." जमेल का, येता का, असला मुळमुळीत प्रकार नाही.

गुंडा गवंडी सुतळी ताणत होता.

"आबा, ह्याला हॉल म्हनू का सोपा म्हनू?"

"तिला इचार. शिकल्याली हाय, हॉलच म्हणंल."

"आन् देवघर?"

"पूर्वेला. ते तिला इचारायचं न्हाई."

आबा स्वयंपाकघराच्या रेघेत जाऊन उभे राहिले. थोरला लेक अमृत गेल्यापासून त्याच्या बायकोपोरीला धड एक जागा उरली नाही, हे त्यांना रोज टोचत होतं. थोरली सून लीलाबाई जरा इथं, बाकी सगळा काळ सांगलीला धाकट्या उदयसिंहाच्या बंगल्यावर. नात संयोगिता साताऱ्याच्या एमआयडीसीत गियर तपासायच्या कामाला, भाड्याच्या खोलीत. आणि आठवड्यामागं तिचा फोन आला होता. "आबा, मी घर घेतेय. गावातच घेतेय, बाहेर कुठं नाही." म्हाताऱ्यानं फोन ठेवला. मग उठून परड्यातली कडब्याची गंज हलवायला माणसं बोलावली.

"बांधती म्हणाली, का घेती म्हणाली?" दारातून हरणाबाईनं विचारलं. ही आबांची धाकटी बहीण. नवऱ्यामागं भावाकडं आली आणि भावाचं स्वयंपाकघर आणि भावाचं डोकं, दोन्ही तिनंच चालवायला घेतलं.

"घेती म्हणाली."

"मग घ्यायला घर काय बाजारात मांडलंय? गावात इकतंय कोण?"

"हरणे, शब्दाचा कीस पाडू नगंस. घेणं म्हंजे बांधणंच."

"असंल बाई," हरणाबाई म्हणाली, आणि 'असंल' तिनं अशा सुरात म्हटलं की आबांनी तोंड फिरवलं.

*

संयोगिता किर्लोस्करवाडीला रेल्वेतून उतरली आणि वडापच्या जीपमधून कुंडलला आली तेव्हा तिला वाटलं, आपल्या घरात लग्न निघालं की काय. दारात सतरंजी, सतरंजीवर भावकी, चहाची किटली फिरतेय. चुलते उदयसिंह यांची गाडी चिंचेखाली लागलेली. म्हणजे आईसुद्धा सांगलीहून आली असणार.

साताऱ्यात फ्लॅटचा इसार दिला, एवढ्यावर आबांनी सगळी भावकी गोळा केली! एकट्या पोरीनं घर घेतलं तर हे लोक नाकं मुरडतील, असं ती येताना रस्ताभर धरून चालली होती. मनातल्या मनात भांडणंही करून झाली होती. आता ती सगळी भांडणं वाया गेली म्हणून तिला हसू आलं.

"ताई, बरं झालं आलासा," गुंडा गवंडी हात झाडत पुढं आला. "हॉलला खिडक्या किती?"

"दोन आहेत."

"हायेत?"

"हो की. एक गल्लीकडं उघडते, एक मागं."

गुंडानं मोकळ्या जमिनीकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. "मागं कशी उघडंल? मागं जगूतात्याचं भिताड हाय."

"कुठले जगूतात्या? मागं शाळेचं मैदान आहे."

"शाळा तर वरल्या अंगाला ऱ्हायली!"

आता संयोगितानं खाली बघितलं. तिच्या चपलांखाली पांढरी रेघ होती. रेघ पुढं जाऊन वळत होती, दार सोडत होती, पुन्हा वळत होती. कोपऱ्यात हळद-कुंकू वाहिलेला दगड होता आणि दगडाशेजारी नारळ.

"आबा," ती हळूच म्हणाली, "हे काय चाललंय?"

"तुजं घर," आबा म्हणाले. इतक्या आनंदानं म्हणाले, की पुढचं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"आबा, माझं घर साताऱ्यात आहे."

भावकीतल्या कपबश्या थांबल्या.

"गावात म्हणालीस न्हवं तू?"

"गावातच आहे. व्यंकटपुरा पेठेत."

"आगं, गावात!"

"आवं आबा, साताऱ्यात पेठांना गावात म्हणतात. शाहूपुरी, शाहूनगर, गोडोली, ते सगळं बाहेर. राजवाडा, मोती चौक, पेठा, हे गाव. रिक्षावाल्याला 'गावात चला' म्हटलं की तो पेठेत नेतो."

"आन् हे काय हाय मग?" आबांनी पाय आपटला. फक्की उडून त्यांच्या धोतरावर बसली. "हे गाव न्हवं? माळ हाय हा?"

सतरंजीवर कुणीतरी फुसकन हसलं. आबांनी मान वळवली तसं हसू जिथल्या तिथं जिरलं.

"घरात चला सगळी," त्यांनी हुकूम सोडला. "घरची माणसं तेवढीच."

"आन् नारळ?" गुंडानं विचारलं.

"धरून बस!"

*

उदयसिंहाला खरं तर या भानगडीत हसू येत होतं. सांगलीत त्याची खताची एजन्सी होती, शहराबाहेरच्या कॉलनीत बंगला होता, आणि आबांना समजावण्याची संधी त्याला वर्षाकाठी एखादीच मिळत असे. ती सोडायची कशाला?

"आबा, पोरीचं काय चुकलंय?" खुर्ची ओढून तो म्हणाला. "नोकरी साताऱ्यात. घर कुंडलला बांधून त्यात काय उंदरं पाळायची?"

संयोगितानं चमकून काकाकडं बघितलं. हे अस्त्र आपल्या बाजूनं सुटेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तू गप," आबा म्हणाले. "भावकीला काय सांगू? नात शब्द देऊन फिरली म्हणून सांगू?"

"मी फिरले नाही, आबा. मी जे सांगितलं तेच केलंय."

"तुज्या साताऱ्याच्या भाषेत सांगितलंस! आमच्या भाषेत सांगायचं हुतं!"

"ते मात्र खरं हाय," हरणाबाई मधेच म्हणाली. "मी सकाळीच इचारलं, बांधती का घेती. माजं ऐकतंय कोण?"

"हरणे!"

"ऱ्हायलं."

उदयसिंहानं हात वर केला. "हे बघा, झालं ते झालं. भावकीला मी सांगतो. पोरीनं साताऱ्यात फ्लॅट घेतला, नाव काढलं, चहा प्या, घरी जा. त्यात लाज कसली? पर संयू, पेठंतच का घेतलास? शाहूनगरात केवढ्या स्कीमा पडल्यात. लिफ्ट, बाग, गाडी लावायला जागा. माज्या वळखीचा बिल्डर हाय."

"बघितला तोही. आईला नाही आवडला."

"वैनीला?" उदयसिंह हसला. "वैनी कवा गेलती बघायला?"

"डोळे तपासायला आली होती ना साताऱ्याला? तेव्हा. नंतर परत चष्मा आणायला आली तेव्हाही."

"बरं. पर वैनीच्या आवडीचा काय संबंध? ऱ्हाणार तू."

"आईपण राहणार. माझ्याबरोबर. कायमची."

उदयसिंहाचं हसू तोंडावरच राहिलं, नुसतं त्यातलं कारण निघून गेलं. त्याच्या सुनेला सातवा लागला होता. बाळंतपण होईल, सुट्टी संपेल, सून पुन्हा बँकेत जाईल, मग बाळ कोण सांभाळणार? वैनी. हे त्यानं वैनीला कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पाणी नळाला येतं तशी वैनी घरात असते.

"हे बघ संयू," तो खुर्चीत पुढं सरकला, आणि आता त्याचा आवाज बदलला, "मी तुज्या बाजूनंच बोलतोय. पर व्यंकटपुरा? आगं, त्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीनं मागं जायचं. मजला कितवा?"

"दुसरा."

"लिफ्ट?"

"नाही."

"बघा आबा! लिफ्ट न्हाई! वैनीचे गुडघे काय म्हणतील? गाडी कुठं लावणार?"

"आमच्याकडं गाडी नाही, काका."

"पर उद्या मी आलो तर?"

"राजवाड्यापाशी लावा आणि चालत या."

हरणाबाईला खोकला आला. तो खोकला नव्हता.

"जुनी वस्ती," उदयसिंहानं रेटलं. "गर्दी, गोंगाट, गणपतीत कानाचे पडदे जातील. आबा, तुमीच बरोबर हुता. त्यापरीस हितं कुंडललाच बांधा. मी सिमेंट देतो."

आबांनी लेकाकडं नीट बघितलं. आत्ताच हा उंदरांच्या गोष्टी सांगत होता. सुभेदारानं माणसं वाचण्यात जन्म घालवला होता. पण आत्ता त्यांना राग हवा होता, आणि तो वाटून घ्यायला जो कुणी येईल तो चालणार होता.

"ते सोड. मला दुसरंच डाचतंय," आबा म्हणाले. "लीला लेकीच्या घरात ऱ्हाणार?"

आता हरणाबाईही सरसावली. "व्हय बाई, हे मातूर इपरीत. आमी लेकीच्या दारचं पाणी सुदिक पीत न्हवतो. माज्या आईनं माज्या घरी उभ्यानं गूळ खाल्ला आन् गेली. बसली न्हाई."

"आजी, ते दिवस गेले."

"दिवस गेले असतील. माणसं हायेत की अजून. उद्या तुजं लगीन झालं, जावई आला, तर? त्याच्या घरात सासू म्हणून ऱ्हायचं व्हय? त्यानं 'चला' म्हटलं की पिशवी घेऊन कुठं जायचं?"

लिफ्टचं उत्तर तिच्याकडं होतं, गर्दीचं होतं, गणपतीच्या भोंग्याचंही होतं. याचं नव्हतं. कारण लग्नाची बोलणी दोन ठिकाणी चालू होती, आणि 'आई माझ्याजवळ राहणार' म्हटल्यावर त्यातलं एक ठिकाण गेल्याच महिन्यात गप्प झालं होतं. हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"अमृतची बायको," आबा म्हणाले, "लेकीच्या भाकरीवर जगली असं कुणी म्हणाय नको. तिला हितं माप भरून जागा हाय. न्हाई तर उदयच्या घरी हाय."

"हायच की," उदयसिंह लगेच म्हणाला. "वैनीला मी कवा परकं मानलंय?"

*

लीलाबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. भावकीसाठी केलेला शिरा परातीत निवत होता.

उदयभाऊजी खोटं बोलत नव्हते. परकं कुणीच मानलं नव्हतं. कॉलनीतल्या बंगल्यात तिला खोली होती, पंखा होता, टीव्ही होता. बाहेर रुंद रस्ता होता आणि रस्त्यावर माणूस नव्हतं. भाजीला जायचं तर पुतण्या ऋषिराज घरी आला की त्याच्या गाडीवर. देवळात जायचं तर सोमवारी जाऊबाईंना वेळ असला तर. एकदा ती एकटीच पायी निघाली होती. बराच वेळ चालली आणि तिला नुसती फाटकं लागली. बंद फाटकं आणि आतून भुंकणारी कुत्री. शेवटी उदयभाऊजीच गाडी घेऊन शोधत आले. रागावले नाहीत. "वैनी, सांगायचं की, सोडलं असतं," म्हणाले. त्या 'सोडलं असतं'नं तिला रडू आलं होतं आणि का आलं ते कुणाला सांगता आलं नव्हतं.

शाहूनगरातला फ्लॅट बघायला गेली तेव्हा तिला पुन्हा तीच बंद फाटकं आठवली. फ्लॅट देखणा. वारा भन्नाट. तिनं दाखवणाऱ्या पोराला विचारलं, "बाबा, कोथिंबीर आणायची झाली तर कुठं जायचं?"

"मावशी, मोबाईलवर मागवा. धा मिनटात दारात."

"ते खरं. पर मी कुठं जायचं?"

त्याला ते कळलं नाही. संयूला कळलं. ती तिथून काही न बोलता तिला घेऊन खाली उतरली.

आणि व्यंकटपुऱ्यात? संयू वर भिंतीची ओल तपासत होती, नळ सोडून बघत होती. लीलाबाई म्हणाली, "मी जरा खाली बघते," आणि गेली ती गेलीच. गल्लीच्या तोंडाला कोथिंबिरीवाली, पुढं पिठाची गिरण, पुढं दत्ताचं देऊळ, उतारानं गेलं की मंगळवार तळं. बांगड्यांच्या दुकानात जरिना म्हणून बाई होती. तिनं स्टूल पुढं केलं. पाणी कासच्या तळ्याचं आहे, गोड आहे, पण सकाळी लवकर भरून घ्यावं लागतं, वरच्या मजल्याला धार कमी येते, असं सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "नवीन आलासा का?"

"व्हय," लीलाबाई म्हणाली होती. "आता येणारच."

कुणाला न विचारता दिलेलं तिच्या आयुष्यातलं ते पहिलं उत्तर असावं. वर आली तेव्हा संयू घाबरून जिन्यात उभी होती. "अगं आई, होतीस कुठं?" आणि लीलाबाईच्या हातात कोथिंबिरीची जुडी. तिथल्या तिथं दोघी इतक्या हसल्या की शेजारची बाई दार उघडून बघायला आली.

आणि आता बाहेर माणसं तिची जागा ठरवत होती. हितं न्हाई तर तिथं. माप भरून.

लीलाबाईनं पदर नीट केला आणि ती दारातून पुढं आली. सासऱ्यासमोर ती बसत नसे. आजही बसली नाही.

"मामंजी, मला बोलायचंय."

आबांनी वर बघितलं. घरात इतकी वर्षं काढलेल्या सुनेचं हे वाक्य ते प्रथमच ऐकत होते. "बोल."

"आत्याबाई म्हणत्यात ते खोटं न्हाई. लेकीच्या घरात मी ऱ्हाणार न्हाई."

"आई!" संयोगिता उठली.

"बस. तुला इचारते ते सांग. खरेदीखत झालंय का?"

"पुढच्या महिन्यात. आत्ता नुसता इसार दिलाय."

"मग खरेदीखतात माजं नाव घाल. पयलं."

बाहेर गुंडा कुणाला तरी खिडक्यांची हकिकत रंगवून सांगत होता, ते तेवढं ऐकू येत होतं.

संयोगिताला वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कामावर तिच्या हाताखालून हजारो गियर गेले होते, त्यातला एकही तिचा नव्हता. हे घर तिचं होतं. दारावरची पाटी तिनं मनात रंगवून ठेवली होती आणि तिच्यावर एकच नाव होतं.

"पहिलंच?" तिनं विचारलं. "दोघींचं घालू की. माझं, मग तुझं."

"दुसरं घातलंस तर मी पुन्ना कुणाच्या तरी मागं उभी. तुज्या बापाच्या मागं हुते, मग मामंजींच्या, मग भाऊजींच्या. तुज्या मागं उभं ऱ्हायला मला वाईट न्हाई वाटायचं, बाय. पर उद्या तुज्या घरात कुणी आलं, आन् त्याला मी नको वाटले, तर तू मधी चिरडशील. मला म्हायती हाय ती माणसं का गप्प बसली ते."

संयोगिता लाल झाली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुज्या तोंडानं सांगितलं. मी चष्म्याला आलते त्या दिशी तू जेवली न्हाईस." लीलाबाई लेकीकडं सरकली. "तुजं घर मी हिसकावत न्हाई. कष्ट तुजे, हप्ता तुजा, माज्यामागं सगळं तुजंच. पर मी हाय तवर दार माजं. कुणी घरात येणार आसंल तर माज्या दारातनं येईल आन् मला बघून येईल. जमतंय का सांग. न्हाई जमलं तरी मी रुसायची न्हाई. पर मग मी यायची न्हाई."

संयोगितानं आईकडं बघितलं. सांगलीच्या बंगल्यावर भेटायला गेलं की ही बाई फाटकापर्यंत सोडायला यायची आणि फाटकाच्या आतच थांबायची. आत्ता समोर उभी होती ती तीच, पण हटणारी नव्हती. आणि संयोगिताला अचानक कळलं, की आपला हट्ट आला कुठून, याचा आपण कधी विचारच केला नव्हता. सगळे म्हणायचे, बापावर गेलीय.

"घालते," ती म्हणाली. "पहिलं तुझं."

"पक्कं?"

"पक्कं, आई."

लीलाबाई आबांकडं वळली. "झालं तर, मामंजी. मी लेकीच्या घरात जात न्हाई. लेक माज्या घरात ऱ्हाणार हाय."

हरणाबाईनं आधी भावाकडं बघितलं, मग त्याच्या सुनेकडं, आणि मांडीवर थाप मारली. "आवं दादा! आता बोला! ह्यात कुठला रिवाज मोडला ते दावा मला!"

"तू आत्ताच गूळ खात उभी हुतीस न्हवं?" आबा ओरडले.

"माजी आई उभी हुती. तिच्या नावावर घर असतं तर बसली असती बया. पाट मांडून बसली असती."

उदयसिंह म्हणाला, "वैनी, पर गुडघे..."

"भाऊजी, गुडघं बसून धरल्यात, चढून न्हाई."

धोतरावरची फक्की आबा हातानं झाडत होते आणि ती आणखीच पसरत होती.

"मला वाटलं हुतं," शेवटी ते म्हणाले, "अमृतचं घर परत दारात येतंय. सकाळी उठलं की धूर दिसंल. म्हणून लगबग केली. भावकीचं काय, भावकी दोन दिस हसंल."

लीलाबाईचे डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत. "मला कळतंय मामंजी. लय कळतंय. तुमचं चुकलं न्हाई, शब्दानं घोटाळा केला. पर हितं सगळी मला वळखत्यात ती अमृतची बायको म्हणून. कुठं निघाली तर चौघं इचारणार, कुठं चाललीस. सांगलीला कुणी इचारतच न्हाई, कारण जायलाच कुठं न्हाई. मला मधलं पायजे. पाय माजे हायेत. चालत्यात तवर मला चालायचंय."

आबांनी मान हलवली. कबूल केल्यासारखी नव्हे, ऐकून घेतल्यासारखी. मग त्यांनी विचारलं, "जिना लय उभा हाय का गं?"

"हाय थोडा."

"माज्यानं व्हईल?"

"बसत बसत चढा. तिथं घाई कुणाला हाय?"

सुभेदार उठले. काठी घेतली नाही. दारात जाऊन उभे राहिले तसे सतरंजीवरचे लोक आपोआप सावरून बसले.

"ऐका," ते म्हणाले. "ऐकण्यात माजी गफलत झाली. घर हितं न्हाई. माज्या थोरल्या सुनेनं, लीलाबाईनं, साताऱ्यात घर घेतलंय. भर पेठंत. नात तिच्याजवळ ऱ्हाणार हाय."

मागं कुणीतरी पुटपुटलं, "सुनेनं?"

"सुनेनं. कान गेलं का तुजं?"

"आन् नारळाचं, आबा?" गुंडानं विचारलं. बिचारा खरंच धरून बसला होता.

"फोड की! घर शिंगट्यांचंच हाय न्हवं? कुठं का आसंना!"

गुंडानं नारळ दगडावर आपटला. पाणी नको तिथं उडालं, फक्कीची एक रेघ भिजून गेली. भावकीनं शिरा खाल्ला, पुन्हा मागून घेतला, आणि साताऱ्यात राजवाड्यापाशी जागा मिळणं किती अवघड झालंय यावर असं बोलायला लागली जणू सगळ्यांनी तिथं एकेक घर घेऊन ठेवलंय. हरणाबाई जो भेटेल त्याला सांगत होती, की मी सकाळीच म्हटलं होतं.

लीलाबाई रिकामी परात घेऊन वळली तेव्हा उदयसिंह चिंचेखाली गाडीला टेकून उभा होता. त्याचा नूर पार उतरला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचं सगळं नेहमी सोपं होत आलं होतं.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी केलं ते बरोबरच केलं. पर सूनबाईचं बाळंतपण तोंडावर आलंय. तिला तुमचीच सवय. मग त्याचं कसं करायचं?"

लीलाबाईनं परात कमरेवर घेतली.

"येईन की, भाऊजी. न यायला काय झालं? बाळाला न्हाऊ घालीन, बाळंतिणीला शेक देईन, डिंकाचे लाडू वळून देईन. सकाळच्या यष्टीनं येईन, आन् सांजच्या यष्टीनं माज्या घरी जाईन."